वाटेचा हिशेब

प्रोस्टेटच्या ऑपरेशनचा हिशेब मी बरीच वर्षं दोनच आकड्यांत ठेवला. किती ग्रॅम गाठ निघाली आणि किती वेळात निघाली. थिएटरबाहेर थांबलेल्या मुलांना मी बाटलीतले तुकडे दाखवायचो, ‘एवढं निघालं’ म्हणायचो. बाटली बघून त्यांना विश्वास वाटायचा आणि त्यांचा विश्वास बघून मला. ज्या वाटेने मी आत गेलो आणि बाहेर आलो, त्या मूत्रमार्गाचं काय झालं, हे मला कुणी विचारलं नाही. त्यांना सुचणार तरी कसं? पण मी स्वतःला का विचारलं नाही?

लोक या ऑपरेशनला ‘दुर्बिणीचं’ म्हणतात. पोटावर चीर नाही, टाका नाही. मीही समजावताना तेच आधी सांगत आलो, कारण ते ऐकल्यावर माणूस निम्मा तयार होतो. टाका नाही म्हणजे जखम नाही, असा अर्थ तो काढतो आणि मी तो काढू देतो. जखम असते. ती आत असते आणि भरायला सहा ते बारा आठवडे घेते. शिवाय त्या जखमेपर्यंत पोचायचा रस्ता आहे, साधारण १८ ते २० सेंटिमीटर लांबीचा, नाजूक अस्तराचा. त्यातून आम्ही २४ किंवा २६ नंबरची पोलादी नळी घालतो. हे नंबर पॅरिसच्या शारिएर नावाच्या अवजारकाराने घालून दिलेल्या मापाचे आहेत. नंबराला तीनने भागलं की जाडी मिलिमीटरमध्ये निघते. म्हणजे २६ नंबर जवळजवळ नऊ मिलिमीटर. ती नळी तासभर आत राहते, पुढेमागे होते, फिरते, तिच्यातून वीज जाते. ऑपरेशन संपल्यावर तिच्या जागी रबराची किंवा सिलिकॉनची नळी येते आणि दोन-तीन दिवस तिथेच राहते.

एवढ्यात अस्तर कुठे घासलं, कुठे दाबलं गेलं, कुठे भाजलं, तर ते भरून येतं. पण भरताना व्रण धरतं. व्रण आकसतो. मग लघवीची धार बारीक होते, फाटते, जोर द्यावा लागतो, शेवटी कधीतरी पुन्हा अडते. मूत्रमार्गाचं तोंड, तोंडामागची थोडी जागा, मांड्यांच्या मधला बाक आणि मूत्राशयाची मान, या आकसण्याच्या नेहमीच्या जागा. ज्या त्रासासाठी माणूस आमच्याकडे आला, तोच त्रास त्याला दुसऱ्या वाटेने परत मिळतो.

‘युरोपियन युरॉलॉजी’ या नियतकालिकात २००६ साली या ऑपरेशनच्या गुंतागुंतींचा एक मोठा आढावा आला. वेगवेगळ्या रुग्णालयांच्या अनुभवांतून त्यात मूत्रमार्ग आकसण्याचं प्रमाण २.२ ते ९.८ टक्के आणि मूत्राशयाची मान आकसण्याचं ०.३ ते ९.२ टक्के दिलेलं आहे. हे आकडे मला माहीत होते, परिषदांतून मी ते ऐकले होते. ऐकताना मी काय केलं? मनातल्या मनात स्वतःला खालच्या आकड्याजवळ बसवलं. माझे तर दोन टक्केही नसतील, असं मला वाटलं. कशाच्या आधारावर? माझ्याकडे वही नव्हती, नोंद नव्हती. होता तो फक्त समज. जे परत आले नाहीत ते सगळे बरे झाले, असा.

इथेच माझी पहिली अडचण होते. न येणं म्हणजे बरं होणं, हे मी कुठून शिकलो?

माझ्याकडे येणारा माणूस देवरीचा असतो, सालेकशाचा असतो, अर्जुनी मोरगावचा असतो. कधी बालाघाटकडून, कधी डोंगरगडकडून आलेला असतो. नळी काढली, दोनदा लघवी मोकळी झाली की तो गावी जातो. व्रण काही त्या दिवशी धरत नाही. तो आठवड्यांनी, महिन्यांनी आकसत जातो. बहुतेकदा पहिल्या वर्षात. तोवर त्या माणसाची रोवणी आलेली असते. बांधीत पाणी असतं, पऱ्हे तयार असतात, मजूर मिळत नसतात. धार जरा बारीक झाली म्हणून कोण गोंदियाला येतो? तो सकाळी थोडा जास्त वेळ बसतो, पाणी कमी पितो, बाजाराला जाताना भीतीने काहीच पीत नाही. वय झालं, असं स्वतःला सांगतो. घरात ही गोष्ट बोलायची नसते, सुनेसमोर तर नाहीच. आणि मी इकडे, अमुक इतक्या माणसांची ऑपरेशनं केली, एकालाही तक्रार नाही, असं म्हणत असतो.

मी राहतो फुलचूरला. गोंदिया इतकं लागून आहे की आता गाव कुठे संपतं आणि शहर कुठे सुरू होतं ते नव्या माणसाला कळणार नाही. तरी ओळखी अजून गावच्या आहेत. इथल्याच एका वयस्क गृहस्थांचं ऑपरेशन मी केलं होतं. रस्त्यात भेटले की हात जोडायचे. त्यांची धार बारीक झाल्याला बरेच महिने झाले होते, हे मला त्यांच्याकडून कळलं नाही. त्यांच्या पत्नी सहज बोलून गेल्या की सकाळी यांना फार वेळ लागतो. मी त्यांना बोलावून घेतलं. म्हटलं, बाबाजी, मला सांगितलं का नाही? ते म्हणाले, “तुमाले कायले तरास द्यायचा, साहेब? ऑपरेशन तं बरं झालं होतं.”

माझ्यावर विश्वास होता म्हणून ते गप्प राहिले. मला वाईट वाटू नये म्हणून ते रोज सकाळी जोर देत बसले. आणि मी? मी त्यांना पुढचा प्रश्न विचारला : मध्ये कुठे नळी घातली होती का? वैद्यकाच्या दृष्टीने हा प्रश्न बरोबर आहे. पुस्तकात तो आहे, विचारायलाच हवा. पण त्या क्षणी मी तो त्यांच्यासाठी विचारत नव्हतो, स्वतःसाठी विचारत होतो. दुसऱ्या कुणाचा हात मध्ये आला असेल तर बरं, अशी एक आशा माझ्या आवाजात होती. ‘नाही’ असं उत्तर आलं तेव्हा मी खट्टू झालो, हे मला आठवतं. एखाद्या म्हाताऱ्या माणसाला मध्ये कुठे इजा झाली नाही, हे ऐकून डॉक्टरने खट्टू व्हावं?

त्यानंतर मी स्वतःला पाहायला लागलो. नेमकी कुठे घाई होते माझी?

आम्हाला शिकवलेलं आहे की हे ऑपरेशन शक्यतो तासाच्या आत उरकावं. त्याला कारण आहे. आत सोडलेलं पाणी रक्तात शोषलं जाऊन त्रास होऊ शकतो, जुन्या पद्धतीत तर जास्तच. नियम चांगला आहे. मी मात्र तो तास कापण्यासाठी राखून ठेवला आणि वेळ वाचवला तो सुरुवातीच्या मिनिटांतून. ज्या मिनिटांत काही निघत नाही, बाटलीत काही पडत नाही, पडद्यावर बघण्यासारखं काही नसतं, ती मिनिटं. आणि मूत्रमार्गाचं पुढचं भवितव्य बरंचसं त्याच मिनिटांत ठरतं.

लहानपणी गावात कासारीण यायची. बांगडी भरण्याआधी ती हात हातात घेऊन दाबून बघायची, अंगठ्याची गादी चाचपायची, मग माप निवडायची. बसत नसेल तर एक माप वर जायची, साबण लावायची, बोलत बोलत थांबायची. तिने कधी बांगडी रेटलेली मी पाहिली नाही. मी मात्र रुग्णाच्या मूत्रमार्गाचं तोंड किती आहे, हे मापून पाहण्याआधी २६ नंबर मागत आलो, कारण ट्रेमध्ये तोच मांडलेला असायचा. थोडा घट्ट गेला तर ‘जातोय’ म्हणायचो. जातोय म्हणजे काय? अस्तराला विचारलं होतं का कुणी?

करायला हवं ते अवघड नाही. तोंड अरुंद असेल तर २४ नंबर घ्यावा, किंवा आधी ते तोंड नीट कापून पुरेसं मोठं करून घ्यावं. आत आधीच कुठे आकसलेलं आहे का, हे डोळ्यांनी पाहत पाहत पुढे जावं. आतली दांडी घालून आंधळेपणाने ढकलू नये. जेली भरपूर आत सोडावी, थोडं थांबावं, नळीलाही लावावी. जेलीचं काम फक्त सरकवण्याचं नाही. जुन्या प्रकारच्या विजेवर काम करताना नळी आणि अस्तर यांच्यामध्ये जेलीचा थर पुरेसा नसेल, तर वीज भलतीकडे झिरपते आणि मधल्या बाकाजवळ अस्तर भाजतं. ऑपरेशन लांबलं तर मध्येच थांबून जेली पुन्हा लावावी. वीज गरजेपेक्षा जास्त ठेवू नये. नळी सारखी आतबाहेर करू नये. हे सगळं मला पाठ होतं. पाठ असणं आणि हातात असणं यांत किती अंतर असतं, हे मी इतक्या उशिरा का पाहिलं?

सुश्रुतसंहितेत लिंगाच्या तोंडाशी आकसून लघवी अडते अशा विकाराचा उपाय दिला आहे : धातूची किंवा लाकडाची नळी तूप माखून घालावी, आणि दर तीन दिवसांनी आधीपेक्षा जाड नळी घ्यावी. पूर्वजांना सगळं ठाऊक होतं असं म्हणण्यासाठी मी हे सांगत नाही. त्या उपायात तूप आहे आणि मध्ये सोडलेले तीन दिवस आहेत, हे मला महत्त्वाचं वाटतं. ऊतीला वेळ लागतो, हे त्या वैद्याने मान्य केलं होतं. १९२६ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅक्सिमिलियन स्टर्न यांनी मूत्रमार्गातून गाठ कापायचं अवजार आणलं, मॅकार्थी यांनी ते सुधारलं. पुढे हॅरल्ड हॉपकिन्स यांच्या काचेच्या दांड्यांनी आतलं लख्ख दिसायला लागलं. आता कॅमेरे आहेत, सलाइनमध्ये चालणारी वीज आहे, लेसर आहे. रक्त कमी जातं, पाणी शोषलं जाण्याची भीती कमी झाली. पण मूत्रमार्ग आकसणं यांतल्या कुठल्याही यंत्राने संपवलेलं नाही. शंभर वर्षांत आमची नजर सुधारली. तो रस्ता जेवढा रुंद होता तेवढाच आहे. नवं यंत्र घेतलं तेव्हा हा प्रश्न सुटला असं मी लोकांना सांगितलं होतं का? थेट सांगितलं नाही. त्यांना तसं वाटू दिलं.

दुसरी घाई ऑपरेशननंतरची. रक्त थांबावं म्हणून नळीचा फुगा मूत्राशयाच्या मानेवर ओढून ठेवतात. मी वॉर्डात ‘ट्रॅक्शन ठेवा’ एवढं सांगायचो आणि निघून जायचो. कधी सोडायचं, ते सांगितलं पाहिजे, कागदावर लिहिलं पाहिजे. ते मी दर वेळी लिहीत नव्हतो. रात्रपाळीची सिस्टर बदलते, तिच्यासमोर ‘ट्रॅक्शन’ एवढाच शब्द असतो, ती बिचारी ते इमानाने ठेवते. तेवढे तास त्या जागेचं रक्त अडलेलं असतं, आणि रक्त न मिळालेली जागा पुढे व्रण धरते. मग सकाळी मी सिस्टरवर रागावलो असेन तर तो राग कुणाचा होता? माझा हुकूम अपुरा होता, तिचं काम अपुरं नव्हतं.

नळी मांडीला किंवा पोटाच्या खालच्या भागाला नीट चिकटवली आहे का, हेही तसंच. ती लोंबत राहिली की पिशवीचं वजन तोंडावर येतं. जास्त दिवस ठेवायची असेल तर लिंग वर, पोटाकडे ठेवून चिकटवावी, म्हणजे अंडकोशाजवळच्या वळणावर दाब येत नाही. हे काम मी वॉर्डातल्या मामांवर सोपवलं आणि मामांना ते कुणी शिकवलं आहे का, हे विचारलं नाही. नळीची जातही महत्त्वाची आहे. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला युरोपात हृदयाचं ऑपरेशन झालेल्या काही पुरुषांचे मूत्रमार्ग आकसले. तिथे कुणी दुर्बीण घातली नव्हती. नळी होती, तीही थोडे दिवस. संशय लॅटेक्सच्या नळ्यांतल्या विषारी द्रव्यांवर आणि ऑपरेशनच्या वेळी मंदावलेल्या रक्तप्रवाहावर गेला. साध्या नळीने इतकं होऊ शकतं, हे ज्याला माहीत आहे त्याने नळीकडे ‘वॉर्डाचं काम’ म्हणून पाहावं का? गरजेपेक्षा जाड नको, शक्य तिथे सिलिकॉनची, आणि लघवी स्वच्छ आली की एक दिवसही जास्त नको. यात शौर्य काही नाही. म्हणूनच बहुधा माझं लक्ष तिकडे जात नव्हतं.

आता त्याहून मागे जातो, कारण तिथे जास्त अवघड वाटतं. ऑपरेशन करायलाच हवं होतं का? गाठ लहान असेल, ३० ग्रॅमच्या आत, तर ती खरवडल्यावर मूत्राशयाची मान आकसण्याची शक्यता अधिक असते. अशा वेळी नुसती चीर देऊन भागतं, कधी गोळ्यांवर भागतं, कधी थांबून पाहता येतं. मी थांबायला सांगितलं का प्रत्येकाला? माणूस लांबून आलेला असतो, योजनेचं कार्ड हातात असतं, मुलगा नागपूरहून सुट्टी काढून आलेला असतो. ‘आलेच आहेत तर करून टाकू’, हे वाक्य मी दयेने बोललो असं मला वाटतं. पण त्या दयेत महिन्याच्या आकड्याचा वाटा किती होता? नक्की सांगता येत नाही, आणि सांगता येत नाही हेच मला खटकतं.

लघवीत जंतू असताना ऑपरेशन केलं तर व्रणाची भीती वाढते. आमच्याकडे ‘पेशाब बंद झाली’ म्हणून गावात नळी घालून घेतलेली माणसं येतात. धान घरात येईपर्यंत आठवडेच्या आठवडे तीच नळी बाळगलेली असते. लघवी तपासायला द्यायची, अहवालाला दोन-तीन दिवस थांबायचं, औषध देऊन मग करायचं. या दोन-तीन दिवसांत तो दुसरीकडे जाईल, नागपूरला जाईल, अशी भीती मला वाटली आहे. नागपूर रेल्वेने दोन-अडीच तासांवर आहे. त्या अंतराचा धाक मी रुग्णाच्या भल्यापेक्षा मोठा मानला, असे दिवस गेले आहेत.

आणि ऑपरेशनआधी मी हे धोके सांगत होतो का? संमतीच्या कागदावर ते छापलेले होते. सही झाली की सांगितलं असं धरलं जातं. ‘शंभरातल्या काही जणांना पुढे धार बारीक होते, तुम्हाला झाली तर लाज न धरता या,’ हे एक वाक्य बोलायला किती वेळ लागतो? ते मी टाळलं, कारण ते ऐकून माणूस घाबरेल असं मी म्हणत होतो. खरं म्हणजे त्याने शंका घ्यावी हे मला नको होतं. ते वाक्य बाबाजींना आधीच सांगितलं असतं, तर ‘साहेबांना त्रास कशाला’ असं त्यांना वाटलं नसतं. ते बोलले नाहीत, पण आधी मी बोललो नव्हतो.

व्रण धरल्यावर पुढे काय, हेही सांगायला हवं. दुर्बिणीतून चीर देऊन वाट मोकळी करता येते, पण पुन्हा पुन्हा चीर दिली तर कायमचा आराम मिळण्याची आशा दर खेपेस कमी होते. काहींना स्वतः नळी घालून वाट उघडी ठेवायला शिकावं लागतं. मोठ्या आकसण्यासाठी गालाच्या आतलं अस्तर काढून त्याने मूत्रमार्ग नव्याने बांधतात. या कामात पुण्याच्या डॉ. संजय कुलकर्णी यांचं नाव जगभर घेतलं जातं. मूत्रमार्ग एका बाजूनेच सोडवून, दुसऱ्या बाजूचा रक्तपुरवठा राखून तो बांधण्याची त्यांनी २००९ मध्ये मांडलेली पद्धत त्यांच्याच नावाने ओळखली जाते. मराठी माणूस म्हणून मला त्याचा अभिमान वाटतो. पण त्या अभिमानाआड मी लपलो तर? तिकडे दुरुस्ती करणारे मोठे लोक आहेत, म्हणून इकडे माझ्या हाताने सैल व्हावं का?

शिवाय आमच्या भागात त्या दुरुस्तीलाही एक अडसर आहे. तंबाखू-सुपारीचा खर्रा. पूर्व विदर्भात खर्रा खाऊन माणसाचं तोंड दोन बोटंही उघडत नाही, अशी वेळ येते. गालाचं अस्तर पांढरं, ताठ झालेलं असतं. त्यातून मूत्रमार्गासाठी चांगला तुकडा काढायचा कुठून? म्हणजे पुण्यात जे शक्य आहे ते सालेकशाच्या माणसाला शक्य असेलच असं नाही. तो पुण्यापर्यंत पोचेल का, हा प्रश्न तर आहेच. ज्याची दुरुस्ती अवघड, त्याची काळजी आधी जास्त घ्यायला हवी. माझ्या मनात हे उलट बसलं होतं. गरीब माणूस तक्रार करत नाही, म्हणून त्याच्या बाबतीत मी निर्धास्त होतो. हे लिहिताना बरं वाटत नाही, पण ते खरं आहे.

मग आता काय? मला मोठं काही सापडलेलं नाही. एक वही केली आहे. त्यात ग्रॅम आणि मिनिटांसोबत इतर रकाने आहेत : मूत्रमार्गाच्या तोंडाचं माप, कोणत्या नंबरची नळी, मध्ये जेली पुन्हा लावली का, ट्रॅक्शन किती वाजता सोडलं, नळी कोणत्या दिवशी काढली. आणि त्यापुढे तीन मोकळे रकाने : दीड महिना, तीन महिने, वर्ष. हे मोकळे रकाने भरण्यासाठी आपण फोन करायचा, रुग्णाने येण्याची वाट पाहायची नाही, असं ठरवलं आहे. आला तर धार मोजायच्या यंत्रावर मोजायची. मूत्राशयात पुरेशी लघवी असताना सेकंदाला १५ मिलिलिटरच्या वर असेल तर साधारण ठीक. १० च्या खाली गेली तर शोध घ्यायचा. आकसलेल्या मार्गात तो आलेख चढून उतरण्याऐवजी सपाट राहतो. येऊ शकत नसेल तर फोनवर साधं विचारायचं : धार पूर्वीइतकी लांब पडते का, फाटते का, जोर द्यावा लागतो का, संपल्यावरही राहिल्यासारखं वाटतं का? फोन मुलाच्या हातात असेल तर बाबांना द्यायला सांगायचं, आणि त्यांना एकट्याने बोलू द्यायचं.

हे करताना एक गोष्ट मला अस्वस्थ करते. फोन लावण्याआधी माझा हात थोडा थांबतो. पलीकडून ‘बारीक झाली’ असं उत्तर आलं तर वहीत तसं लिहावं लागेल. लिहिलं की माझा दोन टक्क्यांचा समज मोडेल. इतकी वर्षं मी फोन केला नाही, तो वेळ नव्हता म्हणून की हे ऐकायचं नव्हतं म्हणून? कदाचित दोन्ही. पण एवढं कळतं की न ऐकलेली तक्रार माझ्या हिशेबातून गेली तरी त्या माणसाच्या सकाळीतून जात नाही.

वहीचाही मला गर्व व्हायला वेळ लागणार नाही, हे मी जाणतो. उद्या एखाद्या परिषदेत मी ही वही दाखवून टाळ्या घेईन, आणि एखादा वाईट रकाना ‘संपर्क झाला नाही’ असा भरून टाकीन. ते टाळायचं कसं? मला सुचलेला उपाय एवढाच की ती वही माझ्या एकट्याच्या कपाटात असू नये. सिस्टरने ती पाहावी, मामांनी पाहावी, नव्याने शिकायला आलेल्या मुलांनी पाहावी. गोंदियात २०१६ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तरुण डॉक्टर आता इथेच घडतात. माझ्या ग्रॅमचं त्यांना कौतुक वाटावं, अशी इच्छा मला अजून होते. त्यांनी माझे बारीक धारेचे रकाने पाहावेत, ही इच्छा मला रोज नव्याने करावी लागते.

रुग्णांकडे बोट दाखवण्याचा हक्क मला आधी नव्हता, अजूनही फारसा नाही. तरी ज्यांच्या घरी हे ऑपरेशन व्हायचं आहे त्यांना एवढं सांगावंसं वाटतं, कारण ते मी आधी सांगितलं नव्हतं. डॉक्टरला विचारा : गाठ किती ग्रॅमची आहे? गोळ्यांनी भागेल का? लघवीत जंतू आहेत का? नळी किती दिवस राहील? मला पुन्हा कधी दाखवायचं? नळी ओढू देऊ नका, लोंबू देऊ नका, आणि पुढे कधी लघवी अडली तर कुणालाही जोराने नळी रेटू देऊ नका. धार बारीक झाली तर वयाला दोष देऊन बसू नका. कुणी त्रासून उत्तर दिलं, तर तो त्याचा दोष समजा, तुमच्या प्रश्नाचा समजू नका. माझ्याकडेच आलात आणि मी घाईत दिसलो, तर मला थांबवा. मला राग येईल कदाचित. तरी थांबवा.

ऑपरेशन संपलं कधी म्हणायचं, हा प्रश्न माझ्यापुरता अजून सुटत नाही. पूर्वी बाटली भरली की संपायचं. मग नळी काढली की. आता मला वाटतं, वर्षभराने त्या माणसाने स्वतःच्या तोंडाने, कुणाची भीड न धरता, धार ठीक आहे असं सांगावं, तेव्हा संपलं म्हणावं. आणि ठीक नाही असं त्याने सांगितलं, तर ते ऐकून मी आधी त्याच्याकडे पाहावं, स्वतःच्या नावाकडे नंतर. हे मला प्रत्येक वेळी जमेल अशी खात्री नाही. पण पुढचा फोन उद्या सकाळी लावायचा आहे, आणि तो लावणं तरी माझ्या हातात आहे.